कटप्पाचा फीडबॅक फॉर्म

आमच्या जुन्या ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एरवी फक्त वाढदिवसाला जागा होतो. केकचे तीन इमोजी, दोन 'पार्टी कधी?' आणि पुन्हा वर्षभर झोप. पण ऑक्टोबर 2025 मध्ये अचानक त्याला जाग आली. 31 तारखेला, शुक्रवारी, 'बाहुबली' परत थिएटरात लागणार होता. दोन्ही भाग कापून-जोडून एकच सिनेमा, पावणेचार तासांच्या आसपासचा. ग्रुपवर एकाने टाकलं, 'चला, पुन्हा जय माहिष्मती!' आणि जे लोक गेली सात वर्षं 'भेटू रे एकदा' म्हणत होते ते अर्ध्या तासात तिकिटं काढून मोकळे झाले.

आम्ही पाचजण गेलो. 2017 मध्ये सपाट पोटाने गेलो होतो, या वेळी तिघांना खुर्चीचा हात वर करून बसावं लागलं. बाकी सगळं तसंच. शिवा धबधबा चढला, शिट्ट्या. भल्लाळदेव रेड्याशी झुंजला, शिट्ट्या. देवसेना अंगणात साखळदंडात बसून काटक्या गोळा करते, कशासाठी तर भल्लाळदेवाच्या चितेसाठी, पंचवीस वर्षं! तिथेही शिट्ट्या. मीही वाजवल्या. मला दोन बोटांची येते.

मग तो सीन आला. कटप्पाची तलवार. पाठीत.

आणि राव, मला एकदम गरगरल्यासारखं झालं. नाचोजमुळे असेल असं आधी वाटलं. नव्हतं.

आठवतंय ना, जुलै 2015 ते एप्रिल 2017, जवळपास दोन वर्षं अख्खा देश एकच प्रश्न विचारत होता. रिक्षावाले, आजी, क्लासचे सर, सगळे. कटप्पाने बाहुबलीला का मारलं? लोकांनी काय काय थिअऱ्या काढल्या! तो खरा कटप्पा नव्हताच, त्याला फसवलं, बाहुबलीनेच सांगितलं होतं, वगैरे. आणि दुसऱ्या भागात उत्तर काय निघालं? वरून ऑर्डर होती म्हणून. बस्स. राजमाता शिवगामी म्हणाली मार, त्याने मारलं. त्याच्या पूर्वजांनी सिंहासनाची गुलामी करायची शपथ घेतलेली, त्यामुळे सिंहासन जे सांगेल ते. ज्याला त्याने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, जो त्याला मामा म्हणायचा आणि जो त्या क्षणी त्याचाच जीव वाचवायला आला होता, त्याला.

2017 मध्ये हे बघून आमची टीम जरा हिरमुसली होती. 'एवढंच?' असं बाहेर येताना एकजण म्हणाला होता. आता वाटतं, एवढंच असतं.

थोडं मागे जाऊ. तेव्हा मी हिंजवडीत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, पण हिंजवडीत दगड भिरकावला तर तो अशाच एखाद्या कंपनीच्या काचेला लागेल. 'बाहुबली'चा दुसरा भाग आम्ही कंपनीच्या पैशाने पाहिला होता. टीम आउटिंग! तिकीट, पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंकचं कूपन. मॅनेजर स्वतः पुढच्या रांगेत उभा राहून 'जय माहिष्मती' ओरडत होता. मस्त माणूस, असं आम्हाला वाटायचं. वाईट नव्हताही.

त्या काळात आमचं प्रोजेक्ट बोंबललं होतं. त्यामुळे शनिवारी यायचं. पण टाइमशीटमध्ये शनिवार भरायचा नाही, कारण क्लायंटला दिलेल्या एस्टिमेटमध्ये शनिवार नव्हते. लेखी कुठेच नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे टेस्टिंगला एक फ्रेशर मुलगी होती, साताऱ्याकडची. मला 'दादा' म्हणायची. सुरुवातीला दोन दिवस 'सर' म्हणाली, मीच म्हटलं, सर नको, म्हातारं वाटतं. तिने काय केलं, तर शनिवार भरले. आठच्या आठ. मॅनेजरने टीम मीटिंगमध्ये विचारलं, हसत हसतच, की बेटा, हे काय? ती म्हणाली, 'सर, मी आले होते. मग आले नव्हते असं कसं लिहू?'

तिच्या आवाजात बंडबिंड काही नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. तिला खरंच प्रश्न पडला होता.

मॅनेजर आमच्याकडे वळला. 'अजून कुणाला प्रॉब्लेम आहे का?' आम्ही अकराजण होतो. मी व्हाइटबोर्डवरच्या मार्करकडे बघत होतो. त्याचं टोपण उघडं होतं. सुकून जाईल, असं मनात आलं. एवढंच आलं.

पुढच्या महिन्यात मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. तिचा पीअर फीडबॅक हवा होता. 'तू तिचा सीनियर आहेस, ती तुला मानते. तू लिहिलंस की फेअर दिसेल.' काय लिहायचं ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मी चार ओळी लिहिल्या. टीमशी जुळवून घ्यायला कठीण जातं, प्रोसेसची समज कमी आहे, अशा अर्थाच्या. चांगल्या इंग्रजीत. दीड महिन्यात ती गेली. निरोपाचा केकसुद्धा झाला नाही.

आणि मला काय मिळालं? त्या वर्षीच्या अप्रेझलला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. भल्लाळदेवाला निदान शंभरएक फुटी सोन्याचा पुतळा तरी मिळाला होता.

असो. तर थिएटरातून घरी आलो आणि झोप लागेना, म्हणून रात्री दीड वाजता दुसराच सिनेमा लावला. गिलेर्मो देल तोरोचा 'पॅन्स लॅबिरिंथ', 2006 चा. कॉलेजमध्ये कुणाच्या तरी हार्डडिस्कवरून घेऊन पाहिला होता. तेव्हा त्यातला फिकट राक्षस तेवढा लक्षात राहिलेला, ज्याचे डोळे तळहातावर असतात. नसेल पाहिला तर बघा, पण जेवताना नको.

गोष्ट 1944 च्या स्पेनमधली. यादवी युद्ध संपून पाच वर्षं झालीत, फ्रँको जिंकलाय, डोंगरात थोडे बंडखोर उरलेत आणि त्यांना टिपायला कॅप्टन विदाल नावाचा लष्करी अधिकारी एका जुन्या गिरणीत तळ ठोकून बसलाय. त्याची सावत्र मुलगी ओफेलिया. तिला जंगलात एक फॉन भेटतो, शिंगंवाला, आणि सांगतो की तू पाताळातली राजकन्या आहेस, तीन कामगिऱ्या पार पाड. एकीकडे परीकथा, एकीकडे गोळीबार. आपल्याला वाटतं की राक्षस परीकथेत असेल. तो असतो जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, गणवेशात, घड्याळ पुसत.

पण मला त्या रात्री भेटला तो डॉक्टर. साधा गावातला डॉक्टर, कॅप्टनच्या गरोदर बायकोवर उपचार करायला ठेवलेला. तो चोरून डोंगरातल्या लोकांनाही औषधं पोचवत असतो. एका बंडखोराला पकडून त्याचे हाल हाल केले जातात आणि कॅप्टन डॉक्टरला सांगतो, याला जिवंत ठेव, मला अजून विचारायचंय. तो माणूस डॉक्टरकडे मरण मागतो. डॉक्टर इंजेक्शन देतो. सोडवतो त्याला. कॅप्टनला खरंच कळत नाही. तो विचारतो, माझी आज्ञा पाळली असतीस तर काय बिघडलं असतं? डॉक्टरचं म्हणणं साधारण असं की, काहीही विचार न करता नुसतं म्हटलं म्हणून आज्ञा पाळायची हे तुमच्यासारख्यांनाच जमतं. मग तो आपली बॅग उचलतो आणि पावसात चालायला लागतो. धावत नाही. कॅप्टन मागून गोळी घालतो. आणि थोड्याच वेळात कॅप्टनच्या बायकोला कळा सुरू होतात. डॉक्टर तर आता नाही. ती बाळंतपणात जाते.

दोन्ही सिनेमांत घाव पाठीवरच. एकात ऑर्डर पाळणारा घालतो, दुसऱ्यात ऑर्डर मोडणारा खातो. मी रिमोट घेऊन बसलो होतो आणि हिशेब करत होतो की मी कुठल्या बाजूचा. हिशेब फार अवघड नव्हता.

आपण या सिनेमांना जातो तेव्हा कोण होऊन बसतो? बाहुबली. कॅटनिस. ल्यूक स्कायवॉकर. पाचशे सीटचं थिएटर आणि पाचशे बंडखोर! मग बाहेर पार्किंगला जुलमी राजाचे सैनिक कुठून येतात, कळत नाही. सिनेमात मात्र त्यांची संख्या सगळ्यात जास्त असते. पांढऱ्या चिलखतातले 'स्टार वॉर्स'चे स्टॉर्मट्रूपर घ्या. बहुतेकांचा चेहरा दिसत नाही. त्यांनाही टार्गेट असणार, अप्रेझल असणार.

याच कॅप्टनच्या घरात मर्सिडीस नावाची बाई आहे, घर सांभाळणारी. बंडखोरांच्या म्होरक्याची ती बहीण. कोठाराची किल्ली तिच्याकडे, खबर तिच्याकडून जाते आणि कॅप्टनला पत्ता नसतो, कारण भाजी चिरणाऱ्या बाईकडे तो कधी माणूस म्हणून बघतच नाही. त्याच भाजीच्या सुरीने ती पुढे त्याला काय करते ते सांगत नाही. आमच्या मजल्यावर चहा देणाऱ्या काकांना किती गोष्टी माहीत असतील, असं मला तेव्हापासून वाटायला लागलंय.

'हंगर गेम्स'चं प्रकरण तर याहून पुढचं. मार्च 2012 मध्ये पहिला भाग आला तेव्हा मी त्याला टीनएजर मुलींचा सिनेमा म्हणून नाक मुरडलं होतं. लेखिका सुझान कॉलिन्स हिला ही कल्पना सुचली टीव्हीचे चॅनल बदलताना. एका चॅनलवर रिअ‍ॅलिटी शो, दुसऱ्यावर इराक युद्धाची दृश्यं, आणि मध्यरात्रीच्या पेंगेत दोन्ही एकमेकांत मिसळायला लागले. त्यातून पॅनेम नावाचा देश. बारा जिल्हे, दरवर्षी प्रत्येकातून एक मुलगा, एक मुलगी उचलायची आणि टीव्हीवर एकमेकांना मारायला लावायची. त्यात एक खूण आहे. डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून वर करायची. मुळात ती बंडाची खूण नाहीच. निरोपाची आहे, आभाराची आहे, त्यांच्याकडे मयताला करायची पद्धत. कॅटनिस धाकट्या बहिणीऐवजी स्वतः पुढे होते तेव्हा टाळ्या वाजवा असा हुकूम असतो. लोक टाळ्या वाजवत नाहीत. गप्प राहतात आणि तीन बोटं वर करतात. गप्प राहण्याचेही प्रकार असतात, बघा. आमच्या मीटिंगमधला वेगळा होता.

दुसऱ्या भागात, 2013 च्या, एक म्हातारा ही खूण करतो आणि त्याला तिथल्या तिथे स्टेजवर गोळी घालतात.

आता हे सिनेमातून बाहेर कसं आलं ऐका. 22 मे 2014 ला थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली. बँकॉक म्हणजे आपल्यासाठी मसाज, शॉपिंग आणि ऑफिसची ऑफसाइट. तिथे पाच किंवा त्याहून जास्त लोकांनी राजकारणासाठी जमायला बंदी आली. मग पोरांनी काय केलं? कुणी मॉलबाहेर ऑर्वेलची '1984' वाचत बसलं. कुणी सँडविच खाल्लं. हो, सँडविच! निषेध म्हणून सँडविच खाल्लं की पकडायचे. आणि कुणी तीन बोटं वर केली. काहींनी अर्थही लावला, स्वातंत्र्य, समता, बंधुता. लष्कराने सांगितलं, ही खूण केलीत तर अटक. सिनेमातल्या हुकूमशहाने जे केलं तेच खऱ्या सरकारने केलं, त्यामुळे ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता त्यांनाही कळलं की गोष्ट कशाबद्दल आहे.

19 नोव्हेंबर 2014 ला खोन केन शहरात पंतप्रधान झालेला जनरल प्रयुत भाषण करत होता. पाच विद्यार्थी उठून त्याच्यासमोर उभे राहिले आणि तीन बोटं वर केली. पाच! अकरासुद्धा नाही. त्यांना लगेच उचललं. दुसऱ्याच दिवशी 'हंगर गेम्स'चा तिसरा भाग लागणार होता. बँकॉकमधल्या एका थिएटर कंपनीने शोच रद्द केले, आणि थिएटरबाहेर खूण करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं. 2020 मध्ये तर शाळकरी मुलं सकाळी झेंडा वर चढताना तीन बोटं धरून उभी राहिली. शिक्षकांसमोर. युनिफॉर्ममध्ये. त्याच ऑगस्टमध्ये एक मोर्चा हॅरी पॉटर थीमवर निघाला आणि आनोन नाम्पा नावाच्या वकिलाने जादूगाराचा झगा घालून राजघराण्याबद्दल, म्हणजे ज्याच्याबद्दल तिथे बोलायचंच नसतं त्याच्याबद्दल, भाषण केलं. झग्यात गंमत होती. राजाच्या बदनामीच्या कायद्याखाली सप्टेंबर 2023 मध्ये त्याला झालेल्या चार वर्षांच्या शिक्षेत नव्हती, आणि ती शेवटची शिक्षाही नव्हती.

1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्कर आलं आणि तीच तीन बोटं तिकडे गेली. सुरुवातीला करणाऱ्यांत दवाखान्यातले डॉक्टर आणि नर्स होत्या. (पुन्हा डॉक्टर! मी ठरवून शोधत नाहीये.) 26 फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांत म्यानमारचा राजदूत क्यॉ मो तुन बोलायला उभा राहिला. लष्कराच्या बाजूने बोलणं हे त्याचं काम. तो विरोधात बोलला आणि शेवटी हात वर केला. तीन बोटं, सूट-टायमध्ये. दुसऱ्या दिवशी लष्कराने त्याला नोकरीवरून काढलं. तो व्हिडिओ मी बऱ्याचदा पाहिलाय. त्याचा आवाज कापतो. सिनेमात कॅटनिसचा कापत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं हॉलिवूडचं मार्केटिंग. आहेच की. 'व्ही फॉर व्हेन्डेटा'मधला तो हसरा मुखवटा जगभर मोर्च्यांत दिसतो आणि अधिकृत मुखवटा विकला गेला की पैसे वॉर्नर ब्रदर्सला जातात. माझ्याकडे त्याचा टी-शर्ट होता. हिंजवडीला फ्रायडे ड्रेसिंगला घालायचो. बोला!

आपल्याकडेही हे काही नवीन नाही. प्रभात रोडवर कॉफी प्यायला आपण जातो, पण तो रस्ता ज्या प्रभात स्टुडिओमुळे प्रभात रोड झाला तिथे 1936 मध्ये व्ही. शांताराम यांनी 'अमरज्योती' केला होता. दुर्गा खोटे त्यात चाचेगिरी करणाऱ्या टोळीची सरदार. राज्याच्या कायद्याने तिला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारलेला असतो म्हणून ती समुद्रात उतरते आणि त्या राज्याविरुद्ध उभी राहते. 1936! व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला होता. आज कुणी अशी स्क्रिप्ट घेऊन आलं तर त्याला म्हणतील, फार फेमिनिस्ट आहे, जरा लव्ह अँगल टाका.

'बाहुबली'चं मात्र एक मला पटत नाही, आणि शिट्ट्या मारूनही पटत नाही. शेवटी होतं काय? वाईट राजा जातो, चांगल्या राजाचा मुलगा येतो. पब्लिकचं काम दोन्ही वेळा ओरडण्याचं. 'हंगर गेम्स'च्या शेवटच्या भागात निदान एवढं तरी आहे की बंडाची नेता कॉइन खुर्चीवर बसताच जुन्या राज्यकर्त्यांच्या मुलांचा तोच खेळ लावू बघते आणि कॅटनिसचा बाण भलतीकडे वळतो. माहिष्मतीत कटप्पाला नवीन मालक मिळतो. तो आनंदाने रडतो. सत्यराज यांनी काम इतकं सुंदर केलंय की आपणही रडतो, आणि हा माणूस पंचवीस वर्षं भल्लाळदेवाच्या पगारावर होता हे विसरून जातो. पहिल्या भागात तो देवसेनेला रात्री गुपचूप म्हणतो की चल, तुला सोडवतो. ती नाही म्हणते. किती वर्षांनी विचारलंन बघा!

मीही किती वर्षांनी विचारतोय ते मोजलं. आठ.

थिएटरातून बाहेर पडल्यावर पाचही जणांनी पार्किंगमध्ये सेल्फी काढला होता. मी सहज म्हटलं, 'ती टेस्टिंगची मुलगी आठवते का रे, शनिवारवाली?' एकाला आठवेना. दुसरा म्हणाला, 'तिचं काय झालं पुढे?' तिसरा गाडीची किल्ली शोधायला लागला. तोही त्या मीटिंगमध्ये होता, माझ्या शेजारीच. 'जाऊ दे ना,' तो म्हणाला, 'तू नसतं लिहिलंस तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं.' खरंय. शिवगामीही हेच म्हणाली होती, तू मारणार नसशील तर मी मारते.

'पॅन्स लॅबिरिंथ' संपला तेव्हा साडेतीन वाजले होते. फोनमध्ये तिचा नंबर अजून होता, 'टेस्टिंग फ्रेशर' असं लिहिलेला. डीपीवर डोंगर. रात्रीचं कुणाला मेसेज करत नाहीत एवढी अक्कल होती, म्हणून सकाळी दहाला केला. तीनदा खोडून. शेवटी एवढंच लिहिलं की, 2017 चा तुझा फीडबॅक मी लिहिला होता, तो खोटा होता, आणि मला ते माहीत होतं.

दुपारभर एकच टिक. संध्याकाळी दोन झाल्या, मग निळ्या. मी बाथरूममध्येही फोन घेऊन गेलो.

रात्री नऊला उत्तर आलं. 'सॉरी, नंबर सेव्ह नाहीये. कोण?'

'दादा' लिहू की नाव लिहू, यावर अडलोय.